प्लिकर्स: विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल नसलेल्या वर्गासाठी उजळणीचे साधन

घटक शिकवून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारले की वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, आणि नेहमी हात वर करणारी चार-पाच मुले सोडली तर इतरांना नेमके काय आले, हे घटक चाचणीचे पेपर तपासेपर्यंत कळत नाही. यावर उपाय म्हणून कहूटसारखे ऑनलाइन प्रश्नमंजुषेचे खेळ लोकप्रिय आहेत. परंतु त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याकडे किंवा निदान प्रत्येक गटाकडे एक उपकरण असावे लागते, शिवाय गुण वेगावरही ठरत असल्यामुळे सावकाश पण नीट विचार करणारे मूल मागे पडते. प्लिकर्स या अ‍ॅपमध्ये फोन केवळ शिक्षकाकडे असतो, म्हणून आपल्याकडील बहुतेक मराठी शाळांना तेच अधिक सोयीचे आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक असलेले एक छापील कार्ड दिले जाते. त्यावरील काळ्या-पांढऱ्या आकृतीच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे बारीक छापलेली असतात. आपल्या उत्तराचे अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी कोणता पर्याय निवडला, हे फोनच्या पडद्यावर दिसते. प्रत्येक कार्डावरची आकृती निराळी असल्यामुळे शेजाऱ्याकडे डोकावून काही हाती लागत नाही, आणि चुकणाऱ्याचे हसेही होत नाही. कार्डे मोफत डाउनलोड करता येतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा असून मोठ्या वर्गासाठी ६३ कार्डांचाही आहे. ती जाड कागदावर छापावीत, मात्र चकचकीत लॅमिनेशन टाळावे, कारण उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही.

खरी कसोटी प्रश्नांची असते. व्याख्या विचारणारे प्रश्न घातले तर हे साधन महागड्या पाठांतरापलीकडे जात नाही. याउलट आठवीच्या वर्गाला ‘वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट होईल?’ असे विचारून २, ३.१४, ४ आणि ८ हे पर्याय दिले, तर सूत्र तोंडपाठ असलेली मुलेही २ वर अडखळू शकतात. अशा वेळी बरोबर उत्तर लगेच उघड करू नये. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी रूढ केलेल्या पद्धतीनुसार शेजारच्या विद्यार्थ्याला आपले उत्तर पटवून देण्यास सांगावे आणि मग पुन्हा कार्डे वर करायला लावावीत. जवळपास सगळ्यांचे उत्तर बरोबर असेल तर चर्चेत वेळ घालवू नये, आणि फारच थोड्यांना जमले असेल तर तो भाग सरळ पुन्हा शिकवावा. चर्चेचा लाभ या दोन टोकांच्या मध्ये आहे. हुशार विद्यार्थ्यांना आणखी कठीण प्रश्न सोडवायला देण्यापेक्षा प्रश्न तयार करण्याचे काम द्यावे. बरोबर उत्तर कोणीही लिहील. पण फसवा वाटेल असा चुकीचा पर्याय सुचण्यासाठी दुसरा कोठे घसरेल, याचा अंदाज यावा लागतो.

मर्यादाही आहेत. इंटरनेट लागते, आणि मोफत खात्यात एका प्रश्नसंचात पाचच प्रश्न घालता येतात. तासाच्या शेवटच्या उजळणीला तेवढे पुरेसे असल्याने सशुल्क योजना घेण्याची निकड मला वाटत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावासाठी मात्र जपून वापरावे. ती परीक्षा आठवीला असताना तिच्यात काही प्रश्नांचे दोन अचूक पर्याय नोंदवावे लागत, तर कार्डाची एका वेळी एकच बाजू वर येते. असे प्रश्न, तसेच रीत तपासायची असलेली गणिते, पाटीवर किंवा वहीतच सोडवून घ्यावी लागतात.