तार शिलाई यंत्राच्या दुरुस्तीत झालेली माझी फसवणूक

पुण्यात माझे पुस्तकबांधणीचे छोटे दुकान आहे. वह्या, अहवाल आणि अंक यांना सेंटर पिन (घडीवर) व साइड पिन (कडेला) मारण्यासाठी वडिलांनी घेतलेले तार शिलाईचे एकच यंत्र आमच्याकडे असून ते अडले की पुढची सगळी कामे खोळंबतात. गेल्या वर्षी दिवाळी अंकांच्या ऐन घाईत त्याच्या दुरुस्तीच्या नावाखाली मला फसवले गेले, आणि त्याच माणसाने आणखी दोन बाइंडरांकडे हाच प्रकार केल्याचे कळल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

पिनचा एक पाय लांब तर दुसरा आखूड येत होता, आणि दर दहा-पंधरा टाक्यांमागे तार हेडमध्ये, म्हणजे तार कापून तिची पिन वळवणाऱ्या भागात, गोळा होऊन अडकत होती. आमचे नेहमीचे मिस्त्री गावी गेले होते. तारेचे रीळ आणायला गेलो असताना दुकानात भेटलेल्या एका माणसाने आपण यंत्र बनवणाऱ्या कंपनीतूनच येतो असे सांगून बोधचिन्ह छापलेले कार्ड दाखवले, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. त्याने हेड उघडून तार पुढे ओढणारे दोन गिअर बाहेर काढले, बॅटरीच्या उजेडात धरले आणि म्हणाला, “दात बघा शेठ, पार गेलेत.” दातांच्या खाचांत काळा चिकट मळ दाबून बसला होता, त्यामुळे दात बुटके दिसत होते, तो मळच मी झीज समजलो. गिअर आणि कटर मिळून 14,500 रुपये ठरले, त्यांपैकी 9,000 त्याने आगाऊ घेतले आणि माझे जुने भाग ‘मापाला लागतील’ म्हणून पिशवीत घालून नेले. तिसऱ्या दिवशी त्याने भाग बसवले, जाड कागदावर दहा-बारा टाके मारून दाखवले, उरलेले पैसे घेतले आणि बिल पाठवतो असे सांगून गेला. बिल आले नाही, आणि चौथ्या दिवशी दोष परत आला तेव्हा त्याचा फोन बंद होता.

गावाहून परतलेल्या मिस्त्रींनी आधी पान्याला हातच लावला नाही. त्यांनी चाक हाताने फिरवून तारेचे दहा तुकडे कापून घेतले आणि काचेवर ओळीने मांडले. तुकडे लहानमोठे होते, म्हणजे तार गिअरमध्ये घसरत होती. आणि प्रत्येक तुकड्याला एकाच बाजूला बाक होता, म्हणजे तार सरळ करणारी जुळवणी बिघडली होती. फरक दर टाक्याला तेवढाच राहिला असता तर नुसत्या लांबीच्या जुळवणीने भागले असते, असेही त्यांनी समजावले. मग त्यांनी मायक्रोमीटर लावला. रिळावर 25 गेज लिहिलेले होते (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक, तो जितका मोठा तितकी तार बारीक), म्हणजे जाडी साधारण 0.51 मिलिमीटर हवी, ती 0.46 भरली, म्हणजे तार 26 गेजची होती. गिअरचा दाब 25 गेजला बसवलेला असल्यामुळे बारीक तारेवर पकड बसत नव्हती. तार पुसणारा तेलाचा नमदा (दाबलेल्या लोकरीचा तुकडा) वाळून कडक झाला होता आणि तारेवरून निघालेला जस्ताचा चुरा मार्गदर्शक नळीत साचला होता. म्हणजे रॉकेल, ब्रश, नवा नमदा आणि योग्य तार एवढ्यावर काम झाले असते. त्या माणसाने बसवलेले गिअर मात्र दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रातले, वापरलेले निघाले, आणि कटर जुनाच घासून धार लावलेला होता. माझे चांगले भाग गेले ते गेलेच, नवे जोड मला पुन्हा विकत घ्यावे लागले.

म्हणून बांधवांना कळकळीने सांगतो, हेड उघडू देण्याआधी तुकडे कापून पाहा आणि रिळाची जाडी स्वतः मोजा. काढलेला भाग रॉकेलने धुऊन दाखवल्याशिवाय झीज मान्य करू नका, आणि काहीही झाले तरी जुना भाग दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. माप घ्यायचे असेल तर ते आपल्या टेबलावर घेता येते. मी चौकीत अर्ज दिला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवली. यंत्र धंद्याचे असले तर आपण ग्राहक ठरत नाही असे काहीजण सांगतात, परंतु केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरणाऱ्याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक मानले आहे. माझ्याजवळ बिल नाही, मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद आणि कार्डाचा फोटो तेवढा आहे.

माझ्या मूळ गिअरांच्या आतल्या बाजूला, आसाच्या भोकाजवळ, वडिलांनी पंचने मारलेले दोन ठिपके आहेत. गेल्या दिवाळीनंतर कोणाला ‘नवे’ म्हणून गिअर बसवून मिळाले असतील, तर कृपया एकदा ते काढून आतली बाजू पाहावी.