सिरॅमिक बॉबिन हीटर: टाकी रिकामी न करता बदलता येतो, पण…

जळगाव एमआयडीसीत आपलं छोटं पावडर कोटिंगचं युनिट आहे, डीग्रीजिंगच्या, म्हणजे कोटिंगआधी मालावरचं तेल-ग्रीस धुण्याच्या, ५०० लिटर टाकीत आधी साधा इमर्शन हीटर होता. बोअरचं पाणी असलं जड की दर तीन-चार महिन्यांनी त्यावर पांढरा थर, चुन्याचा पापुद्राच म्हणा, आणि मग कॉइल उडालीच समजा, वर गरम टाकी उपसायची म्हणजे अख्खा दिवस वाया.

आता ६ किलोवॅटचा सिरॅमिक बॉबिनवाला बसवला. यात नायक्रोमची तार सिरॅमिकच्या मण्यांतून (हेच बॉबिन) ओवलेली, ते सगळं स्टीलच्या पाइपात, पाणी फक्त पाइपाला लागतं. म्हणून बिघडलं तर मेन स्विच बंद करून, थंड होऊ देऊन आतलं काढायचं, टाकी भरलेलीच राहते. ३० वरून ६० डिग्रीला तीन तास लागतात, म्हणजे चमत्कार काही नाही, थर पाइपावर बसतोच, पण तो खरवडता येतो.

दुकानदाराने मात्र एक मणी तडकलेला दिला, हलवला की खुळखुळ वाजे. बदलून दिला, पण चार चकरा मारायला लावल्या भाऊ. घेताना हलवून बघा, आणि पाणी कमी झालं की हीटर बंद करणारा लेव्हल स्विच लावाच, नाहीतर पाणी खाली गेलं की पाइप लालबुंद होतो.