फ्रिक्वेन्सी सेपरेशन की डॉज-बर्न?
दादरच्या मैत्रिणीला मासिकाचं पहिलंच कव्हर रिटच करायला, म्हणजे फोटोतला चेहरा कॉम्प्युटरवर साफ करायला मिळालंय आणि आता ती अडकलीय, रिटचच्या या दोन पद्धतींतली कोणती वापरू म्हणून. वेळेच्या बाबतीत सेपरेशन सरस, त्वचेचा रंग आणि पोत फोटोच्या वेगवेगळ्या थरांवर (लेयरवर) जातात, चेहरा पटकन साफ होतो, पण ब्लर, म्हणजे धूसरपणा, जरा जास्त झाला की गाल मेणाचे वाटतात आणि छापून आलं की लगेच कळतं. डॉज-बर्नमध्ये एकेक डाग हाताने उजळ-गडद करत बसायचं, कित्येक तास जातात, मान आखडते, पण नाकाजवळची छिद्रं, ओठावरची बारीक लव जिथल्या तिथे राहते. अंगाचा आकार मात्र अजिबात बदलू नकोस गं, 2003 मध्ये जीक्यू मासिकाच्या कव्हरवर अभिनेत्री केट विन्स्लेटला बारीक केलं तेव्हा तिने स्वतःच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. कॅटलॉगचे ढीगभर फोटो असतील तर सेपरेशन, कव्हर आणि क्लोजअपला डॉज-बर्नच.