डब्यावर दहा थाउ, आत स्टँडर्ड

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसी इंजिन बांधायला काढलं होतं. क्रँकशाफ्टच्या मेन जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांवर, ओरखडे होते, म्हणून दहा थाउ, म्हणजे ०.०१० इंच, ग्राइंडिंग करायचं ठरलं आणि त्याच मापाचा मेन बेअरिंगचा संच मागवला. १९६४ च्या उत्तरार्धापासून या इंजिनाला पाच मेन बेअरिंग आहेत, प्रत्येकात दोन अर्धगोल वाट्या, त्यामुळे वाट्या दहा. त्याआधीच्या तीन बेअरिंगच्या इंजिनाचा संच वेगळा, तेवढी खात्री ऑर्डर देतानाच केली होती. डबा नामांकित कंपनीच्या छपाईचा होता, सीलही शाबूत होतं. दहापैकी सहा वाट्या बरोबर निघाल्या. उरलेल्या चार स्टँडर्ड, म्हणजे न घासलेल्या क्रँकच्या, मापाच्या होत्या, वापरलेल्या होत्या आणि घासून चकाचक केलेल्या होत्या.

हे उघडकीला आलं प्लास्टिगेज लावल्यावर. हा मऊ धागा जितका चेपतो त्यावरून जर्नल आणि वाटीमधली फट कळते. ब्लॉक उलटा ठेवून, जर्नल आणि वाटी कोरडी पुसून हिरवा धागा ठेवला, कॅप, म्हणजे बेअरिंगचं बोल्टने आवळायचं अर्धं झाकण, ७० फूट-पाउंडला आवळली आणि क्रँक अजिबात न फिरवता पुन्हा उघडली. तीन जर्नलवर धागा नीट चेपला होता. दोन जर्नलवर तो जसाच्या तसा गोल होता. हिरवा धागा एक ते तीन थाउपर्यंतच मोजतो. तो चेपलाच नाही म्हणजे फट त्याच्या पट्ट्याबाहेरची.

हिशेब साधा आहे. फट दोन थाउच्या आसपास हवी. दहा थाउ घासलेल्या जर्नलवर स्टँडर्ड वाट्या बसवल्या की ती बारा होते, म्हणजे सहापट. फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे इथे दोनशेहून अधिक पट. तेल गरम होऊन पातळ झालं की आयडलवर ऑइल प्रेशर कोसळतं, आणि तोपर्यंत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगनाही तेल कमी पडलेलं असतं.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं: माप तुमचं चुकलं, डबा उघडलेला माल परत घेतला जात नाही. खरी अडचण याहून मोठी होती. क्रँक आधीच घासून झाला होता, त्यामुळे आता मूळ मापाकडे परतायलाही वाव नव्हता. फसवणारा नेमका यावरच भिस्त ठेवतो. म्हणून वाट्या हातात येऊन मोजून झाल्याशिवाय क्रँक ग्राइंडिंगला देऊच नका.

मोजायचं काम अर्ध्या तासाचं आहे. वाटी आतून वक्र असते, म्हणून गोल टोकाचा मायक्रोमीटर लागतो. सपाट टोकाचा जाडी जास्त दाखवतो. जाडी वाटीच्या मध्यावर घ्या. दोन वाट्या जुळतात त्या सांध्याकडे भिंत मुद्दाम थोडी पातळ ठेवलेली असते, तिथलं माप फसवं असतं. दहा थाउच्या संचातली प्रत्येक वाटी स्टँडर्डपेक्षा पाच थाउ जाड हवी. पाचच का, असं पुष्कळांना वाटतं: दहा थाउ व्यासावर आहेत आणि वाट्या दोन बाजूंना.

त्याआधी पाठ पाहा. नव्या वाटीच्या पाठीवर मापाचा ठसा स्पष्ट असतो. आमच्या चार वाट्यांवर तिथे फक्त घासल्याच्या रेघा होत्या. वापरलेल्या वाटीच्या पाठीवर ब्लॉकला टेकल्याचे चमकदार पट्टे आणि काळसर डाग राहतात. नवी वाटी मोकळी असताना घरापेक्षा, म्हणजे ब्लॉक किंवा कॅपमधल्या तिच्या जागेपेक्षा, किंचित फाकलेली असते, अंगठ्याने दाबून बसवावी लागते. जुनी बहुधा आपोआप खाली पडते. आतल्या बाजूला चकाकी म्हणजे नवेपणा नव्हे. वरचा मऊ थर एका इंचाच्या हजाराव्या भागाएवढा असतो, पॉलिश केलं की तोच जातो. कुठेही तांबूस झाक दिसली तर वाटी बाद.

डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा: सील, मग दहाही वाट्यांची पाठ, मग मायक्रोमीटरवरचं माप. वाटीला तेल लागण्याआधी, ब्लॉकमध्ये बसवण्याआधी. एकदा बसवल्याची खूण उमटली की वाद तुमच्याच अंगावर येतो.

यानंतर दुसरी फसवणूक समोर आली, आणि ती जास्त घातक. "वाटीमागे पत्र्याची पट्टी घालू, नाहीतर कॅप थोडी कानसू, फट भरेल," असा सल्ला मिळाला. पट्टीमुळे वाटीची पाठ ब्लॉकला पूर्ण टेकत नाही, उष्णता बाहेर जात नाही, आणि पट्टी सरकली तर तेलाचं भोक झाकतं. कॅप कानसली की घर अंडाकृती होतं. मग लाइन बोअरिंगशिवाय, म्हणजे सगळी घरं एका रेषेत पुन्हा कातल्याशिवाय, इलाज नाही. वाटीची टोकंही कानसू देऊ नका. ती सांध्यावर केसभर वर राहतात ती वाटी आवळून घट्ट बसावी म्हणूनच. तो दाब गेला की वाटी घरातच फिरते.

शेवटी योग्य मापाच्या चार वाट्या वेगळ्या विकत घ्याव्या लागल्या. बसवताना भोकाची वाटी ब्लॉकमध्ये, मधल्या बेअरिंगच्या थ्रस्ट वॉशरच्या, म्हणजे क्रँकचं पुढे-मागे सरकणं रोखणाऱ्या चकत्यांच्या, खाचा क्रँककडे, एंड फ्लोट (ते सरकणं) चार ते पाच थाउ. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहिला. पाचवी आवळल्यावरही तो सहज फिरत होता.