मूल्यांकनाच्या प्रमाणपत्रापायी गेलेले ११,००० रुपये

चांगली डोमेन नावे, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते, आधी नोंदवून गरजू व्यावसायिकाला विकावीत, या विचाराने मी सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, तासगावचा बेदाणा अशा ओळखीच्या जोड्यांवरून डॉट इनमधील १४ नावे घेतली होती. एकेका नावाला वर्षाकाठी सात-आठशे रुपये पडतात आणि मुदत संपण्याआधी ते दरवर्षी भरावे लागतात. कोणाचा ट्रेडमार्क असलेले नाव मी घेतले नाही, कारण मूळ मालकाने डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेकडे तक्रार केल्यास लवादाच्या निकालाने ते हातचे जाऊ शकते.

दोन वर्षे एकाही नावाची विचारणा झाली नाही. मग एके दिवशी दुबईत मसाल्यांचा व्यापार करत असल्याचे सांगणाऱ्या एका गृहस्थांचा ईमेल आला. हळदीच्या नावाची किंमत त्यांनी विचारली, मी ४,२०० डॉलर सांगितली आणि त्यांनी घासाघीस न करता ती मान्य केली. साडेतीन लाख रुपये होतात, हा हिशेब मी त्याच रात्री घरात सांगितला. या व्यवहारात खरा ग्राहक भाव पाडल्याशिवाय राहत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

दुसऱ्या पत्रात त्यांनी लिहिले की, भागीदारांना किंमत पटवण्यासाठी मूल्यांकनाचे प्रमाणपत्र लागेल आणि संगणकाने आपोआप काढलेला आकडा चालणार नाही, तज्ज्ञानेच तपासणी केलेली हवी. मी फुकट मिळणारे मूल्यांकन पाठवून पाहिले, ते त्यांनी नम्रपणे नाकारले. कोणाकडून करून घेऊ, असे विचारल्यावर त्यांनी स्वतः कोणाचे नाव घेतले नाही. एका अनुभवी विक्रेत्याने शिफारस केल्याचे दिसणाऱ्या पानाचा दुवा तेवढा पाठवला. त्यामुळे निवड माझीच आहे असे मला वाटले आणि मी कार्डाने १२९ डॉलर, म्हणजे जवळपास ११,००० रुपये भरले.

प्रमाणपत्र दुसऱ्याच दिवशी आले. सोनेरी चौकट, गोल शिक्का, ५,१०० डॉलरचा आकडा, आणि माझ्या डोमेन नावातले एक अक्षर गळलेले. टंकलेखनाची चूक समजून मी ते तसेच पुढे पाठवले. त्यावर मालकीच्या पडताळणीचे आणखी एक प्रमाणपत्र, तेही त्याच ठिकाणाहून, हवे असल्याचे उत्तर आले. तेव्हा कुठे मी त्या मूल्यांकन करणाऱ्या संकेतस्थळाची हू-इज नोंद, म्हणजे नाव कधी नोंदवले गेले ते दाखवणारी माहिती, उघडली. ते अवघ्या १९ दिवसांपूर्वी नोंदवलेले होते. मी एस्क्रोने, म्हणजे पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थ मध्यस्थामार्फत, व्यवहार करू असे सुचवले आणि ग्राहकाची पत्रे त्या दिवसापासून बंद झाली. एस्क्रोमध्ये आधी खरेदीदार पैसे ठेवतो, मग नाव हस्तांतरित होते आणि त्यानंतर रक्कम विक्रेत्याला मिळते. सौदा होण्याआधी विक्रेत्याने प्रमाणपत्रासाठी खिशातून पैसे घालण्याचा त्यात प्रश्नच येत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. बँकेने मात्र पैसे परत मिळवून देण्यास नकार दिला, कारण ज्यासाठी पैसे भरले ते प्रमाणपत्र मला मिळालेले होते. गेल्या आठवड्यात बेदाण्याच्या नावासाठी वेगळ्या नावाने पत्र आले आहे. ‘भागीदारांना किंमत पटवण्यासाठी’ हे शब्द त्यात जसेच्या तसे आहेत. ते पत्र मी तक्रारीला जोडले आहे.