विद्यापीठाच्या आवारातील वारसाफेरी : एक अभिप्राय
गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील वारसाफेरी प्रत्येक पुणेकराने अनुभवावी, असे मी आग्रहाने सांगेन. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान म्हणून उभारलेली मुख्य इमारत, तिचा देखणा मनोरा आणि २२ जून १८९७ च्या रात्री येथील समारंभातून परतणाऱ्या ब्रिटिश प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या, हा सारा इतिहास मार्गदर्शकाने कुठेही घाई न करता उलगडला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाविषयी मात्र त्रोटकच माहिती मिळाली. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचा उल्लेखही झाला नाही, हे फार खटकले. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या प्रांगणातील आर्यभट, न्यूटन आदींचे पुतळे पाहण्यासाठी राष्ट्रीय विज्ञान दिन साधावा. त्यानिमित्ताने ही संस्था सर्वसामान्यांचे स्वागत करते.