क्लिंक, क्लँक की क्लँग? धातू-काचेच्या आवाजांसाठी इंग्रजी क्रियापद निवडताना

मराठी मजकूर इंग्रजीत नेणाऱ्याला वस्तूंची नावे फारशी अडवत नाहीत. अडवतात ती आवाजाची क्रियापदे. पेला पेल्याला लागला, फाटक आपटले, किल्ल्या वाजल्या, या प्रत्येकासाठी इंग्रजीत वेगळे क्रियापद आहे आणि शब्दकोशात मात्र अनेकदा सगळ्यांपुढे ‘खणखणणे’च भेटते. त्यामुळे वस्तू कोणती याच्याही आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: आघातानंतर नाद मागे उरतो की जागीच तुटतो, आणि आघात एकच आहे की लागोपाठ अनेक.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्लिंक, क्लँक आणि क्लँग या तिघांच्या उच्चारातच आहे. ‘क्लिंक’मधला ऱ्हस्व इकार हलक्या, पातळ वस्तूंचा बारीक आवाज सुचवतो, चहाचे दोन काचेचे ग्लास एकमेकांना लागले की हेच क्रियापद वापरावे. ‘क्लँक’मध्ये स्वर रुंदावतो, वस्तू जड होते, पण शेवटचा ‘क’ आवाज तिथेच छाटतो. कोल्हापूरच्या गंगावेशीत दुधाने भरलेली किटली फरशीवर टेकते तेव्हा होणारा आवाज हा, कारण आतले दूध पत्र्याची कंपने लगेच दाबून टाकते. ‘क्लँग’ अनुनासिकावर संपतो आणि घुमत राहतो. तीच किटली रिकामी असताना हातातून निसटली, तर क्लँक सोडून क्लँग लिहावे लागेल.

हा फरक कानाला नीट पटवून घ्यायचा असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगर किंवा शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, थोडा वेळ उभे राहावे. ओतलेले कास्टिंग, म्हणजे साच्यातून निघालेला भाग, थंड झाल्यावर त्यावर हातोडीने हलका टोला मारून पाहतात. धड असलेले कास्टिंग वाजते आणि चीर गेलेले बद्द बोलते. धातूनुसारही आवाज बदलतो: ग्रे आयर्न या ओतीव लोखंडात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असल्यामुळे ते कंपने शोषून घेते, तर एसजी (स्फेरॉइडल ग्राफाइट) आयर्न या दुसऱ्या प्रकारात ग्राफाइटचे गोळे असल्यामुळे त्याचा नाद अधिक काळ टिकतो. इंग्रजीत लिहिताना धड आणि नादणाऱ्या कास्टिंगसाठी ‘रिंग’ घ्यावे, क्लँग नव्हे. क्लँगमध्ये कर्कशपणा गृहीत असतो. रिंगमध्ये स्वच्छ नाद असतो. बद्द आवाजासाठी ‘क्लंक’ (clunk, वरचे क्लँक नव्हे) किंवा ‘थड’ चालेल, आणि त्यांतही धातूचा भास हवा असेल तर क्लंकच.

घंटेच्या बाबतीत चुकीची निवड सर्वांत महागात पडते. अंबाबाईच्या देवळात भाविक घंटा वाजवतो, त्याला साधे ‘रिंग’ पुरेसे आहे. क्लँग लिहिले तर इंग्रजी वाचकाला धोक्याची सूचना ऐकू येईल. ‘टोल’ तर टाळावेच; संथ, एकेक ठोका देत वाजणाऱ्या आणि बहुधा मृत्यूची वार्ता देणाऱ्या चर्चच्या घंटेचे ते क्रियापद आहे. ‘पील’मध्ये आनंद आहे, पण तो मोठ्याने निनादणाऱ्या, बहुधा एकापेक्षा जास्त घंटांचा. आरतीच्या वेळच्या घंटानादाला ते अर्थाने जवळचे वाटले तरी त्यातून चर्चचे लग्न डोळ्यांपुढे येते, म्हणून मी तिथेही रिंगच पसंत करतो.

जिंगल आणि टिंकल यांची निवड सोपी नाही. दोन्हींत अनेक लहान आघात असतात, दोन्ही कानाला गोड. मात्र जिंगलमध्ये सुट्या धातूच्या तुकड्यांची खुळखुळ असते: खिशातली नाणी, किल्ल्यांचा जुडगा, हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचे घुंगरू, ऊस वाहणाऱ्या बैलांच्या गळ्यातली घुंगूरमाळ. टिंकल त्याहून हलके, काचेकडे झुकणारे. हिरव्या काचेच्या बांगड्यांना मी टिंकल देईन आणि सोन्याच्या पाटल्यांना क्लिंक, कारण त्या काचेच्या बांगड्यांहून जाड असतात आणि एकमेकींवर मोजक्याच आदळतात. टिंकल एखाद्या पात्राला कर्ता करून लिहिताना जपावे, कारण लहान मुलांच्या इंग्रजीत ते लघवी करण्यासाठी वापरतात. ‘चिंक’ हेही क्लिंकच्या जवळचे क्रियापद आहे, पण नाम म्हणून ती चिनी माणसांना दिली जाणारी शिवी असल्याने नव्या लेखनात त्याच्या वाटेला जाऊ नये.

क्लॅटर आणि रॅटल यांत घोळ होण्याचे कारण नाही. मिसळीच्या स्टीलच्या थाळ्या हातातून सुटून पसरल्या तर क्लॅटर. एसटीच्या सैल खिडकीची काच धावताना थरथरत वाजली तर रॅटल.

शेवटी व्याकरण. क्लिंक, जिंगल आणि रॅटल सहज कर्म घेतात, म्हणजे माणूस ग्लास ‘क्लिंक’ करू शकतो आणि किल्ल्या ‘जिंगल’ करू शकतो; क्लँग व क्लॅटर यांचा कर्ता बहुधा ती वस्तूच असते. त्या बदल्यात ही दोन्ही क्रियापदे परिणाम किंवा गती सोबत घेऊन चालतात. ‘द गेट क्लँग्ड शट’ या चार शब्दांत फाटक आपटल्याचा आवाज आणि ते बंद होणे दोन्ही येते. मराठीत त्यासाठी ‘फाटक धाडकन बंद झाले’ असे क्रियाविशेषण लागते. उलट आपल्या ‘खणखणले’मध्ये द्विरुक्तीमुळे आवर्तन आपोआप येते, ते ‘क्लँग्ड’मध्ये आपोआप येत नाही. एकच ठोका वाटू नये म्हणून तिथे ‘केप्ट क्लँगिंग’ असे स्पष्ट लिहावे लागते.